दमसासाचे भांडवल

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत आम्ही आजवर चार-पाच वेळा लिहिले, आणि प्रत्येक वेळी विषय धंद्याचाच होता. कधी तुरीची आवक, कधी वखारीतील किडीचा बंदोबस्त, तर कधी २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरची हिशेबाची नवी घडी. यंदा संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही त्यांस कळविले की, या खेपेस आम्हांस आमच्या पेठेतील तरुण मुलांच्या श्वासाविषयी आणि वजनाविषयी लिहावयाचे आहे. भुसार मालाच्या व्यापाऱ्याने असल्या विषयात पडावे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्हांस मुळीच नाही. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडला नाही. तो आमच्या घरातून, आमच्या पेढीवरून आणि अखेर आमच्याच छातीतून आमच्यापुढे आला. तो कसा आला तेच प्रथम सांगतो.

विंध्यगिरीच्या पायऱ्या

२०१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात श्रवणबेळगोळ येथे महामस्तकाभिषेक झाला, त्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब यात्रेस गेलो होतो. सोबत आमच्या मातोश्री होत्या, वय वर्षे ७६. आणि आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा होता, वय वर्षे २५. विंध्यगिरीच्या कातळात खोदलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढावयाच्या असतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. मातोश्री दर पन्नास पायऱ्यांनी कठड्याशी थांबत, पण चढत होत्या. निम्म्या वाटेवर आमच्या ध्यानात आले की पुतण्या बरोबर नाही. मागे वळून पाहिले, तो तो एका पायरीवर बसलेला, चेहरा लाल झालेला, सदरा घामाने भिजलेला.

"काका, तुम्ही आज्जीला घेऊन पुढे व्हा. मी आलोच," तो म्हणाला, पण हे एवढे वाक्य त्याला दोन श्वासांत पुरे करता आले नाही.

तो वर आला, पण आमच्यानंतर पाऊण तासाने. त्याच्या वयाचे असताना आम्ही हीच टेकडी कोठेही न थांबता चढलो होतो. परतीच्या प्रवासात आम्ही त्याला बरेच बोललो. रात्रीचे बाहेरचे खाणे, हातातला मोबाईल, गाडीवाचून पाऊल न टाकण्याची सवय, सर्व काही काढले. तो काही बोलला नाही. मातोश्रीच शेवटी म्हणाल्या, "त्याला रागे भरतोस, पण पंधरा पायऱ्या झाल्या की तूही थांबत होतास. मी मोजत होते."

मातोश्रींचे म्हणणे खरे होते. आम्ही थांबत होतो आणि मातोश्रींसाठी थांबतो आहोत अशी स्वतःची समजूत घालीत होतो. आम्ही त्या वेळी साठीला टेकलो होतो. जन्मात कधी विडी-सिगारेटला स्पर्श केलेला नव्हता. मग आम्हांस दम का लागावा?

श्वास मोजणारे यंत्र

बेळगावास परतल्यावर आम्ही दोघेही छातीच्या विकारांच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम एक यंत्र पुढे ठेवले. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि नळीत जेवढ्या जोराने व जेवढा वेळ सोडता येईल तेवढा सोडावयाचा, एवढीच ती परीक्षा. या यंत्रास स्पायरोमीटर म्हणतात.

हे यंत्र नवे नाही. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून १८४६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. खलाशी, शिपाई, मुष्टियोद्धे, कारागीर, सरदार घराण्यांतील मंडळी, सर्वांस त्याने आपल्या नळीत फुंकावयास लावले. त्यास असे आढळले की, पूर्ण श्वास घेऊन माणूस जेवढी हवा बाहेर टाकू शकतो, तिचे प्रमाण उंचीशी बांधलेले आहे. उंची एक इंचाने वाढली की ही हवा सुमारे आठ घन इंचांनी, म्हणजे आजच्या मापाने एकशे तीस मिलिलिटरांनी वाढते. आयुर्विम्याच्या कंपन्यांना या मोजणीचा उपयोग होईल, असेही त्याचे म्हणणे होते.

आज डॉक्टर मुख्यत्वे दोन आकडे पाहतात. पहिला, एकंदर किती हवा बाहेर पडली. दुसरा, त्यातील किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडली. निरोगी तरुणाच्या बाबतीत सुमारे चार-पंचमांश हवा पहिल्याच सेकंदात निघून जाते. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हे प्रमाण घसरते. आमच्या पुतण्याची एकंदर हवा ३.६० लिटर भरली आणि पहिल्या सेकंदाची २.९५ लिटर. प्रमाण ठीक होते, पण त्याच्या वयाच्या व उंचीच्या मानाने एकंदर हवाच थोडी कमी होती. आमचे प्रमाण मात्र शंभरात बासष्ट भरले. डॉक्टरांनी विचारले, "धंदा कोणता?" आम्ही सांगितले. त्यांनी मान हलविली आणि विचारले, "धुळीत किती वर्षे?" चाळीस वर्षे, आम्ही म्हणालो.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते व्यापाऱ्यास सहज समजण्यासारखे होते. फुप्फुसांची शक्ती जन्मापासून वाढत वाढत विशीच्या पूर्वार्धात, फार तर पंचविशीपर्यंत, कळसास पोहोचते. पुढे काही वर्षे ती जेमतेम टिकते आणि मग दरसाल थोडी थोडी उतरू लागते. सिगारेट न ओढणाऱ्याच्या पहिल्या सेकंदाच्या हवेत वर्षाला साधारण पंचवीस ते तीस मिलिलिटरांची घट ही निसर्गाचीच वजावट होय. म्हणजे पंचविशीला जे मुद्दल हाती असेल त्यावरच पुढची पन्नास वर्षे काढावयाची. त्यातही आपल्या लोकांचे मुद्दल मुळातच लहान. सतरा देशांतील निरोगी माणसांची मोजणी करणारा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातील लोकांची फुप्फुसशक्ती उत्तर अमेरिका व युरोपातील लोकांच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरली. लहान भांडवलावर धंदा करणाऱ्याने खर्च अधिक जपून करावा, हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही.

व्यायामाने वाढते काय?

आम्ही डॉक्टरांस सरळ विचारले, "मुलाने रोज व्यायाम केला तर ही फुप्फुसे मोठी होतील काय?" आमची अपेक्षा होती की ते हो म्हणतील. ते म्हणाले, "फारशी नाही."

हे ऐकून आम्ही चकित झालो, आणि आमचे वाचकही होतील. म्हणून येथे थोडे थांबून पाहणे भाग आहे.

स्नायूंना काम करावयास इंधन लागते आणि ते इंधन जाळावयास प्राणवायू लागतो. भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे असे व्यायाम बराच वेळ एका लयीत चालतात आणि त्यांत प्राणवायूचा अखंड पुरवठा लागतो. यांस इंग्रजीत एरोबिक व्यायाम म्हणतात. हा शब्द लोकांत रूढ केला तो अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी, १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाने. आपल्या मराठीत यास दमसासाचा व्यायाम म्हणावे, असे आम्हांस वाटते.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटास साधारण सहा-सात लिटर हवा आत-बाहेर करतो. तोच माणूस तरुण व निरोगी असून जीव तोडून धावू लागला, तर हा आकडा शंभर लिटरांच्या पुढे जातो. फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म वायुकोश असतात आणि निसर्गाने त्यांत भरपूर शिलकी जागा ठेवलेली आहे. तेव्हा निरोगी तरुणास दम लागतो तो फुप्फुसांची वखार अपुरी पडते म्हणून नव्हे. वखारीतून माल उचलून पेठेपर्यंत पोहोचविणारी वाहतूक अपुरी पडते म्हणून. ही वाहतूक म्हणजे हृदय, रक्त आणि रक्तवाहिन्या. आणि माल उतरवून घेणारी दुकाने म्हणजे स्नायू.

नियमित व्यायामाने बदलतात ते हे भाग. हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त फेकू लागते. रक्ताचे एकंदर प्रमाण वाढते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे वाढतात. त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत आणि कमी श्वासांत होऊ लागते. अमेरिकेत १९९०च्या दशकात हेरिटेज या नावाने एक मोठा अभ्यास झाला. बैठे जीवन जगणाऱ्या कुटुंबांतील माणसांस वीस आठवडे देखरेखीखाली सायकलचा व्यायाम दिला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती सरासरीने सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढली. मात्र सरासरीच्या पोटात मोठी तफावत होती: काहींची शक्ती पुष्कळ वाढली, तर काहींची जेमतेम. शेजाऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

फुप्फुसांस काहीच लाभ नाही, असाही याचा अर्थ नव्हे. श्वासाचे स्नायू बळकट होतात व थकत नाहीत. आणि ज्याचे वजन जास्त आहे त्याचा लाभ निराळाच आहे. पोटावरची चरबी आत मावत नाही; ती श्वासपटलास वर रेटते. छातीवरच्या चरबीचे ओझे प्रत्येक श्वासास उचलावे लागते. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी राखीव हवा राहावयाची ती कमी होते आणि तळचे वायुकोश नीट उघडत नाहीत. वजन उतरले की हे दडपण उतरते. आमच्या पुतण्याची एकंदर हवा कमी भरण्याचे कारण डॉक्टरांच्या मते मुख्यतः हेच होते.

या दोन्ही गोष्टींची साक्ष देणारा एक दीर्घ अभ्यास अमेरिकेत झाला आहे, आणि तो नेमका आपल्या मुलांच्या वयाच्या माणसांवर आहे. बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतील अठरा ते तीस वर्षे वयाचे ५,११५ स्त्री-पुरुष १९८५-८६ साली निवडले गेले आणि पुढे कित्येक दशके त्यांची तपासणी चालू ठेवली गेली. कार्डिया या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात असे दिसले की, जी मंडळी तरुणपणी सडपातळ होती त्यांची फुप्फुसशक्ती पुढील दहा वर्षे टिकली, किंबहुना किंचित वाढली. जी मुळातच स्थूल होती किंवा अधिक स्थूल होत गेली त्यांची शक्ती उतरली. २०१७ साली त्याच मंडळींच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांनी आपला दमसास टिकविला वा वाढविला त्यांच्या फुप्फुसांची घट सर्वांत कमी झाली. तेव्हा व्यायामाने मुद्दल फारसे वाढत नसले तरी त्याची वजावट मंदावते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

वजनाचा ताळेबंद

आता वजनाकडे वळू. येथे आमच्या समाजात दोन टोकांच्या समजुती आहेत. काही म्हणतात, महिनाभर सकाळी फिरले की पोट जाते. काही म्हणतात, फिरून काही होत नाही, खाणेच तोडले पाहिजे. दोन्ही पक्षांनी आकडे मांडलेले नाहीत.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. आमच्या पुतण्याएवढा, म्हणजे ८८ किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर बसून राहण्यापेक्षा अदमासे दीडशे कॅलरी अधिक खर्च होतात. पाऊण तासास सव्वादोनशे. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालल्यास अकराशेच्या आसपास. म्हणजे एक किलो उतरावयास सुमारे सात आठवडे, आणि तेही खाणे एका घासानेही वाढले नाही तर! फिरून आल्यावर आपल्या बेळगावचा कुंदा वाटीभर खाल्ला, तर त्या दिवसाची कमाई बाहेरच्या बाहेर उडाली असे समजावे.

तरीही व्यायाम निष्फळ नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अठरा ते तीस वर्षांच्या स्थूल तरुण-तरुणींवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यावर कोणतेही बंधन घातले नाही. केवळ आठवड्यातून पाच दिवस, दहा महिने, देखरेखीखाली व्यायाम करविला. ज्या गटाने दर खेपेस चारशे कॅलरी खर्चल्या त्यांचे वजन सरासरीने ३.९ किलोंनी उतरले. ज्यांनी सहाशे खर्चल्या त्यांचे ५.२ किलोंनी. स्त्री व पुरुष यांच्यात म्हणण्यासारखा भेद पडला नाही. दहा महिन्यांत चार-पाच किलो हा आकडा जाहिरातवाल्यांस फार लहान वाटेल. पण आमच्या मते तो प्रामाणिक नफा आहे, आणि प्रामाणिक नफा लहानच असतो.

शिवाय वजन केवळ किलोंत मोजू नये. आपल्या देशातील माणसांची हाडे बारीक आणि चरबी पोटाशी जमणारी. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी निराळे माप ठरविले: वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता २३ च्या वर गेल्यास वजन अधिक, आणि २५ च्या वर गेल्यास स्थूलपणा. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरांच्या आत असावी. आमच्या पुतण्याचा आकडा तीसच्या वर आणि कंबर १०४ सेंटिमीटर होती. कापड दुकानदार सभासदांजवळ टेप असतोच. बाकीच्यांनी तो त्यांच्याकडून मागून घ्यावा.

गादी आणि जिना

गादीवर बसण्याचा आणि शरीराचा संबंध काय, याविषयीचे एक प्रसिद्ध उदाहरण येथे देण्यासारखे आहे. १९५३ साली लंडनमधील डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटांसाठी दिवसातून पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी निघाले. पुढे १९५६ साली त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे काढली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पाटलोणी कंबरेत मोठ्या असल्याचे दिसले. परंतु त्यात एक मेख होती. तरुण ड्रायव्हरांच्या पाटलोणीही आधीपासूनच मोठ्या होत्या! म्हणजे बसून कंबर वाढली, की जाड कंबरेची माणसेच बसण्याच्या कामाकडे वळली? संशोधकांनी ही शंका लपविली नाही. आम्हांस हा प्रामाणिकपणा फार आवडला. आपल्या सोयीच्या रकमेपुढील प्रश्नचिन्ह न पुसणारा मुनीम विश्वासू असतो.

हे वाचून आम्ही स्वतःस म्हटले, आपल्या पेढीवरही ड्रायव्हर आणि कंडक्टर आहेत. गादीवर बसणारे आम्ही, आणि पोती वाहणारा हमाल. मग त्या न्यायाने आमचा हमाल सर्वांत निरोगी असावयास हवा. तसा तो आहे काय?

आमच्या पेढीवरील मुकादम तेव्हा ४८ वर्षांचा होता. अंगावर चरबीचा लेश नाही. निर्व्यसनी. आम्ही त्यालाही त्याच डॉक्टरांकडे नेले. त्याचा आकडा आमच्याहूनही वाईट निघाला.

"शेट, दम लागतोय हे मला चार वर्षे झाली ठाऊक आहे," तो म्हणाला. "सांगून काय करायचे? काम तर हेच आहे."

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणाऱ्यांवर व मापाड्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. धान्याची धूळ छातीत जाऊन ही माणसे धापा टाकू लागतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदविले होते. या धुळीत नुसती माती नसते. कोंड्याचे व कुसळांचे कण, बुरशी, किडींचे अवशेष, जंतूंचे विष, आणि कधी फवारणीचे औषधही असते. ती वर्षानुवर्षे श्वासनलिकांस सूज आणते.

आणि येथेच व्यायामाचा तो मघाचा हिशेब उलटा होतो. स्वस्थ माणूस मिनिटास सहा-सात लिटर हवा घेतो, तर पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा त्याच्या कितीतरी पट घेतो. हवा स्वच्छ असेल तर हा व्यायाम. हवेत धूळ असेल तर तितक्याच पटीने विषप्राशन. शिवाय श्रम वाढले की माणूस नाकाऐवजी तोंडाने श्वास घेऊ लागतो, आणि नाकाची गाळणी निकामी होते. आम्ही गादीवर बसून जी धूळ चाळीस वर्षांत घेतली, तिच्याहून अधिक त्याने वीस वर्षांत घेतली असावी. ती धूळ आमच्या मालाची होती, आणि चाळणीही आमचीच होती. ही रक्कम आमच्या नावे लिहिली आहे. ती आम्ही नाकारीत नाही.

एका वर्षाचा रोजमेळ

त्या वर्षी आम्ही दोन कामे केली. पहिले पेढीवर. चाळणीचे यंत्र वखारीच्या आतून काढून मागच्या उघड्या पडवीत नेले आणि त्यावर धूळ ओढून घेणारा पंखा व पिशवी बसविली. केरसुणीने झाडणे बंद करून धूळ शोषणारे यंत्र आणले. तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, म्हणून हमालांस व स्वतःस एन-९५ जातीचे मुखवटे घेतले. मुकादमास औषध सुरू झाले आणि त्याच्याकडे मापाचे व पावत्यांचे काम दिले. त्याचे गेलेले श्वास परत आले नाहीत. पण पुढील तपासण्यांत घसरण मंदावली.

दुसरे काम पुतण्याचे. पहिल्या आठवड्यात त्याने ईर्ष्येने धावण्यास सुरुवात केली आणि आठव्या दिवशी गुडघा धरून बसला. तेव्हा डॉक्टरांनी क्रम आखून दिला. पहिला महिना रोज वीस मिनिटे भरभर चालणे. वेग असा की बोलता यावे, पण गाता येऊ नये. हीच सर्वांत सोपी कसोटी. नाडी मोजावयाची असल्यास २२० मधून वय वजा करावे. पंचविशीच्या तरुणास १९५ येतात, आणि मध्यम व्यायामात नाडी साधारण १२५ ते १४८ च्या दरम्यान असावी. दुसऱ्या महिन्यापासून पाऊण तास, त्यात पाच मिनिटे चालणे व एक मिनिट धावणे. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस बैठका व जोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्लाही असाच आहे: आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंचे काम.

जागा निवडली टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची. झाडी दाट, पहाटेची हवा गार, वाहनांचा धूर नाही. पहिले दोन महिने आम्ही बरोबर जात होतो. तो पुढे, आम्ही मागे. घरात रात्रीचे बाहेरचे खाणे बंद झाले आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याची आपली जुनी रीत, जी दुकान उशिरा बंद होते या सबबीवर आम्हीच मोडली होती, ती पुन्हा सुरू झाली.

वर्षअखेरचा हिशेब असा. वजन ८८ वरून ८१ किलो. कंबर १०४ वरून ९५ सेंटिमीटर. कूपर यांच्या बारा मिनिटांच्या कसोटीत तो आरंभी १,६०० मीटर जात असे, तो २,००० मीटर जाऊ लागला. श्वासाची एकंदर हवा ३.६० वरून ३.७२ लिटर. या शेवटच्या आकड्यावर आम्ही हर्ष व्यक्त केला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की एवढा फरक दोन तपासण्यांत सहज पडतो. यावर पेढे वाटू नका. मग आम्ही बारा मिनिटांच्या आकड्यावर वाटले, तेही अर्धे अर्धेच.

२०१९ साली आम्ही पुन्हा श्रवणबेळगोळास गेलो. मातोश्रींस चढवेना, त्या पायथ्याशी सावलीत बसल्या. आम्ही त्यांच्यापाशी थांबलो. पुतण्या एकटा वर गेला, दर्शन घेऊन उतरला आणि आज्जीस तीर्थ देऊन म्हणाला, "कुठे थांबलो नाही, आज्जी." मातोश्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला; बोलल्या काही नाहीत.

पुढचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. २०२० सालच्या टाळेबंदीत चार किलो परत आले. बाहेर पडणे बंद झाले आणि सवय तुटली. ती जुळवावयास पुढे वर्ष गेले. दमसास कमविण्यास महिने लागतात आणि गमविण्यास काही आठवडेच पुरतात.

आमची सूचना

आज आम्ही साठीच्या उत्तरार्धात आहोत. आमची फुप्फुसे औषधावर व रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्यावर बरी चालली आहेत. पंचविशीला हे ज्ञान असते तर, असा विचार मनात येतो. पण तो व्यर्थ आहे. ज्यांची पंचविशी अद्याप हाती आहे त्यांच्यासाठी मात्र संघाने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

संघाच्या वार्षिक सभेच्या दिवशी श्वासमापनाचे शिबिर ठेवावे, आणि त्यात सभासदांच्या मुलामुलींबरोबर प्रत्येक पेढीवरील हमालांस, मापाड्यांस व चाळणीवरील स्त्रियांस पाठवावे, खर्च पेढीचा. धूळ ओढणारी यंत्रे एकत्र खरेदी केल्यास दर उतरेल. लहान दुकानदारांस संघाने ती हप्त्याने द्यावी. आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तरुण सभासदांनी एकत्र फिरण्याचा प्रघात पाडावा. एकट्याचा उत्साह आठवड्यात विरतो, चौघांचा टिकतो. ज्यांस छातीत दुखते, चक्कर येते, मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी आधी डॉक्टरांस विचारूनच पाऊल उचलावे.

मालाचा साठा, उधारी, बँकेतील शिल्लक यांचा आपण दर दिवाळीस ताळा घेतो. येत्या दिवाळीस वहीपूजनाच्या आधी एक दिवस काढून, आपल्या पेढीवरील प्रत्येक माणूस जिन्याच्या चार मजल्यांवर न थांबता चढू शकतो काय, एवढे पाहावे. जो थांबेल त्यास रागे भरू नये. आम्ही ती चूक केली आहे. त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी पहाटे चालावयास जावे.